मेंदूचा एमआरआय: पेशंट जागा ठेवून शांत कसा करायचा?

यवतमाळ_एमओ
ग्रामीण रुग्णालयातून मेंदूच्या एमआरआयसाठी पेशंट सेवाग्राम-सावंगीला पाठवतो. मोठी माणसं, शुद्धीवर असलेली, सांगितलेलं समजणारी. पण बोगद्यात घाबरतात, हलतात आणि तपासणी अर्धवट राहते. पूर्ण भूल नकोय. इथूनच काही देऊन पाठवावं का? तिथे गुंगीसाठी मिडाझोलाम बरं की डेक्समेड (डेक्समेडेटोमिडिन)?

भूलतज्ज्ञ_वर्धा
निघताना इंजेक्शन अजिबात नको, एसटीत त्याच्या श्वासाकडे बघणार कोण? फार तर लोराझेपाम (भीती कमी करणारं औषध) १ मिग्रॅची गोळी सोबतच्या माणसाजवळ द्या. नंबर लागायच्या तासभर आधी, तिथल्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यायची, म्हाताऱ्यांना अर्धी. रेफरल चिठ्ठीवर गोळीचं नाव ठळक लिहा, नाहीतर तिच्यावरच मिडाझोलाम चढवलं जातं.

डोकेदुखीसोबत सकाळच्या उलट्या असतील, डोळ्याच्या पडद्यावर सूज दिसत असेल, तर गोळीसुद्धा नको. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतला दाब आणखी चढतो. रात्री घोरताना ज्याचा श्वास अडकतो, त्यालाही नको.

नुसती भीती असेल तर माझी पसंती मिडाझोलाम. १ मिग्रॅ शिरेतून, दोन मिनिटं लावून. मग २-३ मिनिटं थांबा. लोक इथेच घाई करतात आणि पहिल्या डोसचा असर दिसायच्या आत दुसरा देतात. लागलंच तर पुन्हा अर्धा ते एक. म्हाताऱ्यांना सुरुवातच अर्ध्या मिग्रॅने. अँप्यूल वाचून घ्या, १ मिग्रॅ/मिली आणि ५ मिग्रॅ/मिली दोन्ही मिळतात. सोबत फेंटानिल किंवा ट्रमाडॉलसारखं वेदनाशामक नको, एमआरआय दुखत नाही.

डेक्समेडमध्ये श्वास बहुतेक टिकतो आणि हाक मारली की पेशंट डोळे उघडतो. पण भूलतज्ज्ञ हजर असेल तरच. २०० मायक्रोग्रॅम सलाइनमध्ये एकूण ५० मिली करा, म्हणजे मिलीला ४. ५० किलोच्या माणसाला अर्धा मायक्रोग्रॅम/किलो म्हणजे सव्वासहा मिली, पूर्ण १० मिनिटांत. पुढे तासाला ५ मिली. घाईने ढकललं तर आधी बीपी चढतं, मग नाडी पडते. हार्ट ब्लॉक असेल तर विचारच नको, बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी बीपीची गोळी) चालू असेल तर जपून. आणि मे महिन्यात उपाशीपोटी उन्हातून आलेल्या माणसाचं बीपी यावर हमखास घसरतं, आधी सलाइन द्या.

एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालत नाही: तोंड उघडून बघा. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्यांचं तोंड कधीकधी दोन बोटंही उघडत नाही. श्वास अडकला तर श्वासनलिकेत नळी टाकणं महाकठीण. अशाला औषध कमीच बरं. आणि दाबून ठेवलेला खर्रा आधी थुंकायला लावा.

एमआरआय_टेक्निशियन_अमरावती
जास्त गुंगी म्हणजे चांगला फोटो, हा समज चुकीचा. गाढ झोपलेला घोरतो, घोरताना हनुवटी हलते आणि चित्र धूसर होतं. नाहीतर नवा सिक्वेन्स (तपासणीचा पुढचा टप्पा) धडधडायला लागला की दचकून उठतो. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, कॉइलवर (डोक्याभोवतीच्या साच्यावर) आरसा, हातात बेलचा फुगा आणि प्रत्येक सिक्वेन्सआधी “आता पाच मिनिटं आवाज येईल” एवढं सांगितलं तर बऱ्याच जणांना औषध लागतच नाही.

साधा पल्स ऑक्सिमीटर आत नको, त्याच्या वायरीने कातडी भाजते. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत ओढला जातो. सिरिंज पंप बाहेर ठेवून दोन एक्स्टेन्शन जोडली, तर नळी आधी औषधाने भरून घ्या. नाहीतर पहिली काही मिनिटं पेशंटला नुसतं सलाइनच जातं.

यवतमाळ_एमओ
धन्यवाद. फिट येणाऱ्यांना आणि सिकलसेलवाल्यांना काय बदलायचं?

न्यूरो_नागपूर
आधी तपासणी कोणती ते बघा. साध्या एमआरआयला फिटवाल्यांना मिडाझोलाम चालतं, नेहमीच्या गोळ्या मात्र चुकवू नका. ईईजीला (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) नको: फिटच्या लहरी दबतात आणि आलेखभर बीटा, म्हणजे औषधाच्या वेगवान लहरी, पसरतात. पेट स्कॅनमध्ये एफडीजी (किरणोत्सारी ग्लुकोज) मेंदूत शोषलं जायला अर्धा तास लागतो. त्याआधी गुंगी दिली तर मेंदूचा ग्लुकोजचा वापरच घटतो आणि चित्र औषधाचं दिसतं, आजाराचं नाही. म्हणून गुंगी त्यानंतर. स्पेक्ट स्कॅनचं ट्रेसर (शिरेतून दिलेलं किरणोत्सारी द्रव्य) काही मिनिटांतच अडकून बसतं, तिथे आधी ट्रेसर, मग औषध.

भूलतज्ज्ञ_वर्धा
सिकलसेलमध्ये खरा धोका उपासाचा. जेवण सहा तास बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत देत राहा. लोक “काही खायचं नाही” ऐकलं की पाणीही सोडतात, आणि कोरडं पडलं, ऑक्सिजन घसरला की तांबड्या पेशी वाकड्या होतात. नाकाला ऑक्सिजन सुरुवातीपासून, आणि एसीच्या खोलीत पांघरूण.

फ्लुमाझेनिल (मिडाझोलामचा उतारा) हाताशी ठेवा, ०.२ मिग्रॅपासून. ते मिडाझोलामच्या आधी उतरतं, म्हणून दिल्यावर दोन तास सोडू नका. रोज क्लोबाझाम (मिडाझोलामच्याच गटातली फिटची गोळी) घेणाऱ्या फिटवाल्याला मात्र त्यानेच झटका येऊ शकतो; तिथे आधी मास्कने श्वास द्या.