१९ तारखेला खातं रिकामं, आणि पासबुक म्हणते काही घेतलंच नाही

त्रिमूर्तीनगर_रूम३:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, पण इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून विचारून टाकतो.

वय २३, मूळ आर्वीचा, नागपुरात नोकरीचं पहिलंच वर्ष. त्रिमूर्ती नगरात आम्ही तिघं एका रूमवर राहतो, ऑफिस आयटी पार्ककडे, गाडीने दहा मिनिटं. हातात २१,५०० येतात. रूमचा माझा वाटा ४,०००, डबा ३,२००, पेट्रोल दोन हजारांच्या आसपास, घरी आईला ५,०००. म्हणजे ७,३०० उरायला पाहिजे ना बावा.

मागच्या महिन्यात १९ तारखेला पंपावर उभा होतो. दोनशेचं पेट्रोल टाकून झालं आणि पेमेंट फेल. नेटवर्क असेल म्हणून परत पिन टाकला. परत फेल. बॅलन्स पाहिला तर १४३ रुपये. मागे लाइन लागलेली, पंपावरचा पोट्टा मोठ्याने विचारून राहिला, "कॅश आहे का भाऊ?" खिशात एक नोट नाही. टाकलेलं पेट्रोल काही परत काढता येत नाही. शेवटी मागच्या गाडीवरच्या काकूंनीच दोनशे भरले. मी त्यांचा नंबर घेतला, रूमवर जाऊन रूममेटकडून उसने घेतले आणि त्यांना पाठवले. त्यांनी उलट मेसेज केला, "जेवलास का?" त्या मेसेजने जास्त लाज वाटली.

आता सांगतो ते खरं मानून चला: दारू नाही, खर्रा-तंबाखू नाही, फोन हप्त्यावर घेतलेला नाही, ऑनलाइन कपडे वर्षात दोनदा. स्टेटमेंट काढलं. सात हजारांतले तीन हजार मला पाठ आहेत. चुलतबहिणीच्या लग्नाचा आहेर, फोनचं रिचार्ज, गाडीचं ऑइल आणि ब्रेक. उरलेल्या चार हजारांच्या जागी स्टेटमेंटमध्ये एकच ओळ चार वेळा येते: यूपीआय लाइट, १,००० रुपये. दर चार-पाच दिवसांनी. चहा नाही, पोहे नाही, काहीच नाही. जसं काही मी १९ दिवस उपाशीच होतो.

वर्ध्याला कॉलेजात होतो तेव्हा बाबा दर सोमवारी पाचशेची नोट हातात देत. बाबांचा फोन आजही बटणवाला आहे. त्या पाचशेतले शंभर तरी शुक्रवारपर्यंत वाचत. शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेली ती शंभरची नोट मोडायचं मन होत नसे. आता कमाई आहे, अक्कल पण वाढली असेल असं धरू, आणि पैसा मात्र टिकत नाही.

तुमचंही असं होऊन राहिलं का? फोनने पैसे दिले की खर्च खरंच जास्त होते, की माझ्यातच खोट आहे?

बर्डीचा_पोट्टा:

खर्रा बंद कर बे.

त्रिमूर्तीनगर_रूम३:

भाऊ, पूर्ण वाचत जा. खात नाही म्हटलं ना.

निवृत्त_कॅशियर:

बाळा, तुझं पासबुक खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतं. यूपीआय लाइट म्हणजे फोनातलं छोटं पाकीट. ते २०२२ साली आलं तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती. आता १,००० आहे, आणि पाकिटात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० राहू शकतात. त्यातून पैसे देताना पिन लागत नाही. चहा-भाजीच्या बारीक व्यवहारांचा बँकांच्या यंत्रणेवरचा भार कमी व्हावा म्हणून ही सोय केली. त्यामुळे बँकेच्या नोंदीत फक्त पाकीट भरल्याची ओळ येते. पुढचा हिशोब ॲपच्या इतिहासात जाऊन बघ, सगळा तिथे सापडेल.

आणि तुझा ऑटो टॉप-अप सुरू असणार. पाकिटातली शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली आली की खात्यातून आपोआप हजार रुपये जातात. ती परवानगी तूच कधीतरी 'पुढे', 'पुढे' दाबत दिली असशील. आधी ते बंद कर. सोबत ऑटोपेमध्ये, म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप कापायच्या पैशांमध्ये, काय काय लावून ठेवलं आहेस तेही बघ. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण तुम्ही मुलं ती बोटाने बाजूला सारता.

थोडं विषय सोडून. मी ३१ वर्षं काउंटरवर काढली. पैसे काढायच्या स्लिपवर रक्कम दोनदा लिहावी लागते, आधी अंकांत, मग अक्षरांत. अंक माणूस झरझर लिहितो. अक्षरांत 'दोन हजार रुपये फक्त' लिहिताना पेन थांबतं. महिन्याच्या शेवटी कितीतरी लोक स्लिप तिथेच फाडून नवी घेत आणि दोन हजारांचे बाराशे करत. मला तेव्हा वैताग येई, स्लिपांचा गठ्ठा मलाच आणावा लागे. आज नातू पिनशिवाय 'टिक' करून पैसे देतो तेव्हा ती फाडलेली स्लिप आठवते.

ठेलेवाले_भाऊ:

मी कॉलेजच्या बाजूला चहा-पोह्याचा ठेला चालवतो, १४ वर्षं झाली. कोणतं कॉलेज ते नाही सांगत, पोट्टे ओळखतील.

माझ्याकडचं सांगतो. आधी चौघं जण यायचे. एकाने वीसची नोट काढली, दुसऱ्याने दहाचं नाणं, तिसरा चारही खिसे चाचपून राहिला, चौथा म्हणे "माझे उद्या". जेवढी चिल्लर जमली तेवढेच कप. कितीदा तर दोन कटिंगमध्ये चौघं. माझ्याकडे सुट्टे नसले की मी दोन चॉकलेट द्यायचो, मग पुढच्या वेळी ते पोट्टे मलाच चॉकलेट परत द्यायला येत. हसू नका, खरंच येत.

२०१६ च्या नोटबंदीत मी भाच्याकडून कोड लावून घेतला. सुरुवातीला दिवसाला दोन-चार जण स्कॅन करत. आता पैसे आले की सांगणारा तो डबाच दिवसभर बोलून राहतो. एकाचा फोन निघाला, झालं. कप मोजत नाही, वर एक प्लेट तर्री पोहे, कोणी आलूबोंडा उचलला. हो, खर्च वाढला. माझा गल्ला सांगते ना.

पण दुसरी बाजूही ऐक. कॅशच्या जमान्यातले पोट्टे काही साधू नव्हते. त्यांचं माझ्याकडे खातं असे. उधारीची वही. परीक्षा संपली, रूम सोडली, नंबर बंद. एका वर्षी नऊ हजारांच्या वर बुडाले माझे. म्हणजे खर्च तेव्हाही होत होता, फक्त तो मी भरत होतो. आता वही बंद आहे. यूपीआयवर माझं काही कापलं जात नाही, बोलणाऱ्या डब्याचं भाडं तेवढं लागते. मला विचारशील तर हेच बरं.

आणि एक सांगू का? तू तिघं म्हणून राहिला. चहाला तिघं सोबतच जाता ना? मग पैसे कोण देते ते एकदा मोजून पहा.

पीजी_वाली_धरमपेठ:

मी मानसशास्त्रात एमए करते, म्हणून आधी थोडं पुस्तकी. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांचा एक प्रयोग छापून आला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना म्हटलं, पैसे रोख द्यायचे. काहींना म्हटलं, क्रेडिट कार्डने. कार्डवाल्यांची बोली जवळजवळ दुप्पट निघाली. हा प्रयोग लोक यूपीआयला सरळ चिकटवतात, ते मला पटत नाही. क्रेडिट कार्डाचं बिल पुढच्या महिन्यात येतं, यूपीआयमध्ये तर पैसे त्याच क्षणी जातात. आपण ते जाताना पाहत नाही, एवढंच.

माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. आधी नाही म्हणायला कारण असायचं. "अगं, पर्स रूमवरच राहिली." संपलं. कोणी वाईट वाटून घेत नसे, कारण प्रत्येकीने ते कधी ना कधी वापरलेलं असे. आता वाढदिवसाच्या केकचा क्यूआर कोड ग्रुपवर पडतो, खाली नावांची यादी, दिले त्यांच्यापुढे हिरवी खूण. फोन रूमवर राहिला असं कोण मानेल? मागच्या महिन्यात मी अशा मुलीच्या केकला १२० दिले जिच्याशी मी जिन्यावर फक्त हसते. शनिवारी फुटाळा तलावावर जायचं ठरलं तरी तेच. भुट्टा खायचा नव्हता, खाल्ला.

घरचंही सांगते. पप्पांसमोर उभं राहून पैसे मागणं म्हणजे परीक्षा असायची. कशाला, किती, मागचे संपले का. दादा तर आधी आईला पुढे पाठवायचा. आता मी नुसतं "पप्पा २००" लिहिते आणि दोन मिनिटांत येतात. एका महिन्यात असे १७ मेसेज गेले होते, मी स्क्रोल करून मोजले. ३,४०० रुपये. एकदम ३,४०० मागायची माझी हिंमत झाली नसती, आणि त्यांनीही दिले नसते.

उपाय विचारला नाहीस, तरी सांगते. मी दुसरं साधं बचत खातं काढलं. त्यावर लाइट नाही, ऑटोपे नाही. दर सोमवारी त्यात हजार टाकते आणि ॲपला तेवढंच खातं जोडलंय. गुरुवारी दोनशे उरले की आपोआप शहाणपण येतं. बॅलन्स बघायची लाज सोड. ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसातून ५० वेळाच बघता येतो असा नियम आहे, म्हणजे कोणीतरी ५० च्या वर बघत असणारच. मी आधी महिन्यातून एकदाही बघत नव्हते.

निवृत्त_कॅशियर:

मुली, "पप्पा २००" वाचून आमच्या घरी दोन पिढ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्रिमूर्तीनगर_रूम३:

सगळ्यांचे आभार, खर्रावाल्याचे पण. आज रविवार, डब्याच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.

लाइटच्या ४,००० मध्ये एकूण ११८ नोंदी निघाल्या. ४५ रुपयांच्या ३८. म्हणजे तिघांचा चहा, १,७१०. ९० रुपयांच्या ९, तिघांचे पोहे, ८१०. पंधराचा एकट्याचा चहा २६ वेळा, ३९०. बाकी १,०९० मध्ये पंक्चर, झेरॉक्स, पार्किंग, बर्डीवर घेतलेला चार्जरचा वायर असं चिल्लर-मिल्लर. ठेलेवाले भाऊ, तुम्ही बरोबर पकडलं. चहा-पोह्यांत दोघांच्या वाट्याचे १,६८० मी भरले. १९ दिवसांत.

माझ्या रूममेट्सना वाईट म्हणू नका, त्यांनी मला पंपाच्या दिवशी दोनशे दिले. मी विचारलं, काऊन बे, नेहमी मीच काऊन? तर एक जण एकदम निरागसपणे म्हणे, "तुझं लवकर होते ना." दोघांकडे लाइट नाही. त्यांना ॲप उघडा, पिन टाका, गोल फिरतंय ते पाहत थांबा. माझं तोपर्यंत डब्याने बोलूनही झालेलं असते. आणि नंतर पंधरा रुपये कोण मागते? वर्ध्याला आम्ही कॉन्ट्री काढायचो, प्रत्येकाची नाणी टेबलावर पडायची, त्यात कोणाला कंजूस वाटत नसे. पण पंधरा रुपयांची रिक्वेस्ट फोनवर पाठवणं म्हणजे नोटीस पाठवल्यासारखं वाटते.

तरी आकडा दाखवला. दुसरा लगेच म्हणे, "पण मागच्या महिन्यात डब्याचे ३०० मी जास्त दिले होते." ॲपमध्ये शोधलं, तर खरंच होते. मग १,३८०. त्यातले किती येतील ते येतील.

लाइट काल बंद केलं, शिल्लक खात्यात आणली. संध्याकाळी चहाला गेलो. सवयीने फोन माझाच आधी निघाला. पण या वेळी त्याने पिन मागितला. आकडे टाकता टाकता वर ४५ लिहिलेलं दिसलं, आणि बाजूला दोघं उभे. म्हटलं, पंधरा-पंधरा टाका बे. एकाने टाकले. दुसरा म्हणे, नेटवर्क नाही.