खडीसाठी फोडलेला डोंगर पुन्हा उभा करायचा का?

सातपुड्याचा_वाटसरू (धागाकर्ता)
धुळे, साक्री, जळगाव, कुठल्याही हमरस्त्याने जा, अर्धे कापलेले डोंगर दिसतातच. खदान बंद पडली की उरतो उभा कडा आणि खाली डबकं. अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरांत कोळशासाठी असेच उतार कापले गेले. तिथे १९७७ साली कायदा आला: उतार जवळपास मूळ आकारात आणा, उभा कडा ठेवू नका, आणि हे काम कराल याच्या हमीची रक्कम खाण सुरू होण्याआधीच भरा. आपल्या खदानींनाही हेच लावा, असं माझं स्पष्ट मत.

क्रशरवाला_भाऊ
कायदा वाचलात, खाण नाही बघितली. तिथे कोळशाचा थर पातळ. वरचा खडक फोडला की फुगतो, म्हणजे परत भरूनही उरतो. उरलेला त्यांनी दऱ्यांत ढकलला, ओढे बुजवले. आपल्याकडे दगड हाच माल, तो तर तुमच्या चौपदरी रस्त्यात गेला. भरायचं काय? शेजारचा डोंगर फोडून?

अंजनाची_सावली
भाऊंचा भरावाचा मुद्दा बिनतोड आहे. पण भरता येत नाही म्हणजे सोडून द्यायचं, हे कुठून आलं? कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवा, सुरुवातीला काढलेली माती राखून ठेवा, ती पायऱ्यांवर पसरा. आणि ती रोलरने चोपू नका. अमेरिकेत तेच झालं होतं. उतार घसरू नये म्हणून बुलडोझर फिरवून घट्ट केले, वर गवत पेरलं. दुरून हिरवंगार, पण झाडांची मुळं आत शिरेनात. आता तिथले वनतज्ज्ञ सांगतात की वरचा किमान चार फुटांचा थर सैलच टाका.

गिरणाकाठ
चार फूट सैल माती, आपल्या उतारावर? मिरगाचा पहिला पाऊस ती थेट खालच्या कपाशीत आणून टाकेल. मलब्याशी खेळ नको. १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकला कोळशाच्या गाळाचा बांध फुटला, १२५ माणसं गेली. त्यापेक्षा खदानीचा तळ सपाट करून सोलरला द्या. साक्रीकडे सौर प्रकल्प आहेच.

अंजनाची_सावली
बफेलो क्रीकला पाणी अडवणारा गाळाचा बांध होता, मी पायरीवरची माती म्हणतेय. पायरीला आतल्या बाजूला ढाळ द्या, पाणी बाहेर धावणार नाही. आणि सपाट जागेचं म्हणाल, तर त्या कायद्यातही कारखाना-वस्तीसाठी माथा सपाट ठेवायची सूट होती. बऱ्याच माथ्यांवर आज नुसतं गवत आहे.

पावरा_पोऱ्या
कागदवर झाडं लागतस, डोंगरवर नही! साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव बघा, तिथे जंगल परत उभं राहिलं. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती गावाने कुऱ्हाड आणि चराई आवरली म्हणून. मशीन लागलं नाही.

क्रशरवाला_भाऊ
बारीपाड्यात माती होती रे भो. खदानीत काळा कातळ आहे. शेळ्या आवरून कातळाला पालवी फुटत नाही.

सातपुड्याचा_वाटसरू
मग मूळ आकाराचा आग्रह सोडतो, पायऱ्या आणि माती एवढं तरी सक्तीचं करा. हमीची रक्कम खडीच्या दर ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) आधीच कापा. भाऊ, याला तरी हरकत आहे का?

क्रशरवाला_भाऊ
कापा ना. पण रात्री रॉयल्टी न भरता बिनापावतीचे डंपर जातात त्यांच्याकडून आधी कापा. नाहीतर पावती फाडणारा एकटा मरेल, आणि डोंगर तसाच फुटत राहील.