‘लेबनीज’, ‘गोरे’ आणि ‘घरटी उत्पन्न’ : तुलनेच्या तक्त्यासाठी शब्द हवेत

पानसुपारी
अमेरिकेतले लेबनीज वंशाचे लोक आणि गोरे अमेरिकन यांची सामाजिक-आर्थिक तुलना करणारा मजकूर मराठीत आणायचा आहे. अडलंय ते ‘आउटकम’, ‘व्हाइट’, ‘अँसेस्ट्री’ या शब्दांवर, आणि सगळ्यात जास्त ‘हाउसहोल्ड इन्कम’ व ‘फॅमिली इन्कम’ या जोडीवर. दोन्हींना ‘कौटुंबिक उत्पन्न’ म्हटलं की तक्त्यात एकाच नावाच्या दोन ओळी होतात आणि आकडे वेगवेगळे दिसतात. पारिभाषिक कोशातले जडजंबाल शब्द नकोत, रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळायला हवं.

मोजपट्टी
जोडीपासून सुरुवात करू, कारण तिथे मराठीत तयार शब्द पडून आहे: घरटी. गणपतीची वर्गणी घरटी काढतात, माणशी नाही. हाउसहोल्ड इन्कम म्हणजे घरटी उत्पन्न. एका राहत्या घरातले सगळे धरायचे, नातं असो वा नसो. एकटी राहणारी विधवा म्हणजे एक घर, चार मित्र मिळून भाड्याने राहत असतील तर तेही एकच घर.

फॅमिलीला ‘कुटुंब’ राहू द्या. तिथे किमान दोन माणसं लागतात आणि ती जन्माने, लग्नाने किंवा दत्तकविधीने जोडलेली असावी लागतात. एकटे राहणारे या हिशेबातून बाहेर पडतात आणि त्यांची मिळकत सहसा कमी असते, म्हणून कौटुंबिक आकडा घरटी आकड्यापेक्षा वर दिसतो. लेबनीजांचा कौटुंबिक आकडा उचलून गोऱ्यांच्या घरटी आकड्याशेजारी ठेवला, की लेबनीज फुकटात श्रीमंत होतात. इंग्रजीत शब्द वेगळे असल्याने हे निदान पकडता तरी येतं. मराठीत दोन्हीकडे ‘कुटुंब’ लिहिलं तर पुरावाच पुसला जातो.

रानजाई
घरटीऐवजी ‘चूल’ चालेल का? ‘त्यांची चूल वेगळी’ असं आपण म्हणतोच.

मोजपट्टी
आपल्या जनगणनेसाठी चालेल, कारण तिथली व्याख्याच एका स्वयंपाकघरातलं जेवणाऱ्यांची आहे. अमेरिकन व्याख्या घराच्या दारावर बेतलेली आहे: स्वतंत्र प्रवेश असलेली राहती जागा आणि तिच्यात राहणारे सगळे. एका घरात दोन चुली असल्या तरी ते एकच घर. चूल लिहिलंत तर वाचक भारतीय व्याख्या मनात धरून वाचेल.

दस्तऐवज
‘गोरे’ या शब्दावर जास्त थांबायला हवं. मराठीत गोरा म्हणजे एक तर उजळ कांतीचा (लग्नाच्या जाहिरातीतला), नाही तर युरोपियन साहेब. अमेरिकन कागदपत्रांतला ‘व्हाइट’ यांपैकी कुठलाच नाही, तो कायद्याने आखलेला रकाना आहे. लेबनीज त्या रकान्याच्या आत आहेत की बाहेर, यावर तिथे खटले झाले.

१७९०च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तींना’ मिळत होतं. १८७०नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळू लागलं, मधले सगळे लटकले. १८८०च्या सुमारापासून तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या माउंट लेबनॉनमधून लोक येऊ लागले होते. त्यांची नोंद आधी तुर्क म्हणून आणि १८९९पासून सीरियन म्हणून होई. १९०९ मध्ये जॉर्जियातल्या न्यायालयाने कोस्टा नजूर यांना गोरे मानलं. जॉर्ज डाउ यांना मात्र दक्षिण कॅरोलिनातल्या न्यायालयाने नाकारलं आणि १९१५ मध्ये वरच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. सीरियन (म्हणजे आजच्या भाषेत बहुतेक लेबनीज) गोरे ठरले ते तेव्हा.

आपल्याकडचा धागाही याच काळात आहे. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१०मध्ये अपील न्यायालयाने गोरे ठरवलं, तर १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातले शीख भगतसिंग थिंड यांना गोरे मानायला नकार दिला. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित. पुढे पंडितांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर गदा आली तेव्हा ते न्यायालयात लढून त्यांनी टिकवलं. आणि १९७०च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक चक्क ‘व्हाइट’मध्ये मोजले गेले, १९८०ला त्यांना वेगळा रकाना मिळाला. म्हणजे तेव्हा तिथे राहणारा कोल्हापूरचा इंजिनिअर त्या तक्त्यात ‘गोरा’ होता. ‘गोरे’ हा शब्द ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘जनगणनेच्या वर्गीकरणानुसार’ हे जोडा. ‘गौरवर्णीय’ अजिबात नको, तो पुन्हा कातडीकडेच नेतो.

पानसुपारी
म्हणजे ‘लेबनीज आणि गोरे’ हे शीर्षकच चुकीचं?

दस्तऐवज
२०२०च्या जनगणनेपुरतं तरी हो. त्या फॉर्ममध्ये ‘व्हाइट’च्या चौकटीखाली उदाहरणं छापली होती: जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, लेबनीज, इजिप्शियन. तुमचा एक गट दुसऱ्याच्या पोटात आहे. मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने वर्गीकरणाचे नियम बदलले आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा गट केला, त्यात लेबनीज हे नाव उदाहरणादाखल दिलेलं आहे. नव्या नियमांनी गोळा झालेली आकडेवारी जुन्या रांगेत नुसती चिकटवू नका, ‘गोरे’ या शब्दाची व्याप्तीच मधे बदललेली असेल.

मोजपट्टी
शब्दाबाबत सहमत, पण आकड्यावर याचा परिणाम किती ते पाहा. २०२०च्या जनगणनेत लेबनीज ६,८५,६७२ (एकटं लेबनीज किंवा दुसऱ्या ओळखीसोबत), आणि गोरे त्याच हिशेबाने साडेतेवीस कोटी. प्रमाण ०.३ टक्का. लेबनीज वजा केले तरी गोऱ्यांचा मध्यक (सगळी उत्पन्नं क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा) जागचा हलणार नाही. खरी निवड दुसरीच आहे: हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश भाषक देशांतलं असलेले) गोरे धरायचे की नाही? तिथे मात्र आकडा चांगलाच हलतो. ‘इतर गोरे’ (म्हणजे लेबनीज सोडून) आणि ‘बिगर-हिस्पॅनिक गोरे’ असे दोन वेगळे शब्द वापरा आणि एकदा निवडलेला शब्द शेवटपर्यंत बदलू नका.

रानजाई
अँसेस्ट्रीला ‘वंश’ आणि रेसलाही ‘वंश’, हे कसं सोडवायचं? ‘भारतीय वंशाचे अमेरिकन’ इतकं रुळलंय की ‘लेबनीज वंशाचे’ टाळता येणार नाही.

दस्तऐवज
माणसांबद्दल लिहिताना ‘लेबनीज वंशाचे’ ठेवा. तक्त्याच्या रकान्यात ‘पूर्वजांचा देश (स्वतः सांगितलेला)’ असं लिहा. कंसातले शब्द महत्त्वाचे आहेत. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’मधला (जनगणना विभाग दरवर्षी काही घरांपुरतं घेतो त्या सर्वेक्षणातला) हा प्रश्न मोकळा असतो, लोक आपल्या हाताने लिहितात आणि पहिली दोनच उत्तरं सांकेतिक क्रमांकात बदलली जातात. लेबनीजांचा क्रमांक ४२५, सीरियनांचा ४२९, नुसतं ‘अरब’ लिहिणाऱ्यांचा ४९५.

गोची इथे होते. १९२४च्या कोटा कायद्याआधी (त्याने देशागणिक येणाऱ्यांची संख्या बांधून दिली) आलेल्यांची पणतवंडं आयरिश, इटालियन घरांत लग्नं करून मिसळली. त्यांतल्या काहींनी ‘सीरियन’ लिहिलं, कारण पणजोबांच्या कागदावर तेच होतं. काहींनी चार देशांची नावं लिहिली आणि लेबनॉन तिसरा आला म्हणून गळला. काहींनी काहीच लिहिलं नाही. गळणारे लोक उरणाऱ्यांपेक्षा अधिक शिकलेले असतील तर लेबनीजांचा आकडा मुळापेक्षा कमी दिसेल, उलट असतील तर जास्त. म्हणून ‘लेबनीज वंशाचे सर्व’ म्हणू नये, ‘स्वतःला लेबनीज वंशाचे सांगणारे’ म्हणावं. लांबतं, पण खरं आहे.

आणि लेबनीज, अरब, मुस्लिम हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. पहिल्या लाटेतले बहुतेक ख्रिस्ती होते: मॅरोनाइट, मेल्काइट, ऑर्थोडॉक्स. त्यांच्या वारसांपैकी अनेकांना ‘अरब’ म्हटलेलं रुचत नाही.

उंबरठा
‘पेडलर’ला ‘फेरीवाला’ लिहू नये, हे मधेच सांगतो. आज फेरीवाला म्हटलं की दादरच्या पदपथावरची गाडी डोळ्यांसमोर येते. पहिल्या लाटेतले हे लेबनीज विक्रेते पाठीवर पेटी घेऊन शेतवस्त्यांमध्ये दारोदार जात. पेटीत सुया, दोरे, बटणं, लेस, जपमाळा असत. माल न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरचे किंवा फोर्ट वेन, सीडर रॅपिड्ससारख्या गावांतले त्यांचेच देशबांधव ठोक व्यापारी उधारीवर देत. बँकेत पत नसताना भांडवल उभं राहिलं ते त्या उधारीवर, आणि पेटीवरून कापडदुकानाकडे जाण्याचा रस्ताही तोच. ‘दारोदार फिरणारे विक्रेते’ म्हणा.

पानसुपारी
आउटकमचं काय करू? शालेय शिक्षणात ‘अध्ययन निष्पत्ती’ रुळलंय, म्हणून ‘सामाजिक-आर्थिक निष्पत्ती’ लिहिलं होतं.

उंबरठा
मला तो शब्द इथे धोक्याचा वाटतो. निष्पत्ती म्हणजे कशातून तरी निपजलेलं. लेबनीजांमध्ये पदवीधर अधिक आहेत, तर ती अमेरिकेतल्या जगण्याची निष्पत्ती की व्हिसाची चाळणी? १९६५नंतर कौशल्य आणि नातेवाईक या दोन दारांनी लोक आले. १९७५ ते १९९० या यादवीच्या काळात बैरूतचे डॉक्टर-इंजिनिअर निघाले, तसे दक्षिण लेबनॉनच्या खेड्यांतले कष्टकरीही निघाले. डॉक्टर पदवी घेऊनच विमानात बसला असेल तर त्याची पदवी अमेरिकेच्या खात्यावर मांडता येत नाही. ‘स्थिती’ लिहा: सामाजिक-आर्थिक स्थिती. तो शब्द कारणाचा दावा करत नाही.

मोजपट्टी
‘स्थिती’ने एक गोष्ट हरवते. आउटकममध्ये काळाचा प्रवास आहे, पिढी कुठून निघाली नि कुठे पोचली हा. त्यापेक्षा रकानेच तोडा: अमेरिकेत जन्मलेले आणि बाहेर जन्मलेले. पहिल्या रकान्याला निष्पत्ती म्हणायला माझी हरकत नाही. दुसऱ्याला ‘परदेशी’ मात्र लिहू नका, त्यांतले बरेच जण नागरिक आहेत. हे न तोडता सरसकट ‘लेबनीज’ म्हटलं, की चौथ्या पिढीतला बोस्टनचा वकील आणि डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नमध्ये नुकतं पोचलेलं दक्षिण लेबनॉनमधल्या बिंत जबैलचं कुटुंब एका आकड्यात घोटले जातात. तो आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो.

उंबरठा
पहिल्या रकान्यातही आईबापांची पदवी आपलं काम करतच असते. मी ‘स्थिती’वरच राहतो.

रानजाई
सरासरी की मध्यक?

मोजपट्टी
उत्पन्नाला मध्यक. बालभारतीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक असे तीन शब्द आहेत, तेच वापरा. वर्तमानपत्रं मध्यकालाही ‘सरासरी’ म्हणून मोकळी होतात. दहा घरांत एक कोट्यधीश आला की सरासरी उडते, मध्यक जवळपास तिथेच राहतो.

पण मध्यकही सगळं सांगत नाही. २०००च्या जनगणनेत अरब वंशाच्या कुटुंबांचा मध्यक ५२,३०० डॉलर होता आणि देशातल्या सगळ्या कुटुंबांचा ५०,०००. त्याच वेळी दारिद्र्य अरबांत १७ टक्के, देशात १२ टक्के. पदवीधर ४१ विरुद्ध २४ टक्के. मध्यक वर आणि गरिबीही जास्त, कारण गटाची दोन्ही टोकं ताणलेली. ‘अरब पुढे आहेत’ किंवा ‘मागे आहेत’ यांपैकी कुठलंही वाक्य यातून निघत नाही. म्हणून ‘पुढे-मागे’ हे शब्द मजकुरातून काढाच, रकान्याचं नाव घेऊन ‘जास्त-कमी’ म्हणा. शिवाय हे आकडे सगळ्या अरब गटांचे आहेत, लेबनीजांचे म्हणून देऊ नका.

दस्तऐवज
दारिद्र्यरेषेबद्दल एक तळटीप हवीच. ‘दारिद्र्यरेषेखालील’ म्हटलं की आपल्याकडे पिवळं रेशनकार्ड आठवतं. आपली रेषा माणशी खर्चावर ठरली. तिथली रेषा करापूर्वीच्या रोख उत्पन्नावर, कुटुंबाच्या आकारानुसार. १९६०च्या दशकात सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी किमान अन्नखर्चाच्या तिप्पट असा हिशेब बसवला आणि पुढे महागाईनुसार तो वाढत गेला. सगळ्या राज्यांना एकच रेषा, म्हणजे लॉस एंजेलिस आणि वेस्ट व्हर्जिनियातलं खेडं एकाच मापात. लेबनीज मुख्यतः मोठ्या शहरांच्या परिसरात, गोरे देशभर पसरलेले. देशपातळीच्या तुलनेत त्यामुळे घरभाड्याचा फरक अंगावर येतो. जमल्यास एकाच महानगर परिसरातले दोन्ही गट घ्या, डेट्रॉइट परिसर उत्तम.

पानसुपारी
‘मार्जिन ऑफ एरर’ला ‘चुकीची मर्यादा’ लिहिलंय. बरोबर?

मोजपट्टी
नको. चूक म्हटलं की कुणीतरी चुकलं असं वाटतं. ‘नमुन्यामुळे संभवणारा फरक’ लिहा आणि आकड्यापुढे ± द्या. लहान गटाला हा फरक मोठा असतो आणि तिथेच लोक फसतात. कल्पित आकडे घेऊन सांगतो: लेबनीज ८०,००० ± ४,०००, गोरे ७७,००० ± ३००. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’त ± ९० टक्के खात्रीचा असतो, म्हणून आधी १.६४५ने भागा: २,४३२ आणि १८२. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा: २,४३८. तीन हजारांच्या फरकाला त्याने भागा: १.२३. हे १.६४५पेक्षा कमी आहे, तेव्हा ‘लेबनीजांचं उत्पन्न जास्त’ असं लिहिता येत नाही. ‘ठळक फरक दिसत नाही’ एवढंच लिहा. एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा एकत्रित आकडा घेतलात तर ± आक्रसतो, पण मग ‘२०२२चं उत्पन्न’ म्हणता येणार नाही, ‘२०१८ ते २०२२’ म्हणावं लागेल.

पानसुपारी
मग शीर्षक असं करतो: ‘स्वतःला लेबनीज वंशाचे सांगणारे आणि बिगर-हिस्पॅनिक गोरे अमेरिकन : घरटी उत्पन्न, शिक्षण व दारिद्र्य, २०२०च्या जनगणनेनुसार’.

दस्तऐवज
लांब आहे, पण चालेल. शेवटचा भाग मात्र काढा. २०२०च्या जनगणनेत उत्पन्न विचारलेलंच नाही, शिक्षणही नाही. २०००पर्यंत काही घरांना लांब फॉर्म जायचा, त्यात हे प्रश्न असत. आता ते ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’त गेलेत. ‘जनगणनेनुसार’ फक्त लोकसंख्येच्या ओळीत ठेवा.