गावात फायबर, घरात अंधार: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

दादा (पुणे): गणपतीत सुट्टी कमी मिळणार, म्हणून थोडे दिवस गावच्या घरूनच काम करावं म्हणतोय. पंचायतीपर्यंत इंटरनेटची फायबर केबल आलीय ना? मग घराला कनेक्शन का मिळत नाही?

काकू (गाव): अरे, पंचायतीच्या भिंतीवर डबा आहे, पण त्याचा एकही दिवा लागत नाही. रस्त्याचं काम निघालं तेव्हा जेसीबीने केबल उखडली, ती अजून तशीच. रेशनला अंगठा लावायचा तर दुकानदार मशीन घेऊन रेंज शोधत बांधावर चढतो आणि म्हाताऱ्या बायका त्याच्या मागोमाग.

ताई (नाशिक): केबलवर एवढा सरकारी खर्च कशाला? कंपन्यांचं ४जी आहे की.

काकू (गाव): अंगणात एक दांडी, माजघरात तीही नाही. धाकटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अपलोड होता होता बंद पडला. शेवटी एसटीने तालुक्याला जाऊन भरला.

अण्णा (ठाणे): टेलिफोन खात्यात नोकरी केली म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोंगरातल्या चार वाड्यांसाठी कुठलीही कंपनी स्वतःहून केबल टाकत नाही, तिला ते परवडतच नाही. त्यासाठीच वेगळा निधी आहे. टेलिकॉम कंपन्या समायोजित महसुलाच्या, म्हणजे ठरावीक वजावटीनंतरच्या कमाईच्या, ५ टक्के त्यात भरतात. आधी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी. म्हणजे ताई, तुझ्या-माझ्या रिचार्जमधूनच तो जमतो. गावाचा त्यावर हक्क आहे.

पंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात एक लाख पंचायती धरल्या, पण केबल तालुक्याकडून एकेरी गेली. मध्ये कुठे तुटली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. त्यात रिंग आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून चालू राहतं. आणि दहा वर्षांची देखभालही धरली आहे. मला हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. आजवर केबल टाकून मंडळी गेली की तिला कुणी वाली नसायचा.

दादा (पुणे): अण्णाकाका, पण पंचायतीपासून घरापर्यंत कोण आणणार?

अण्णा (ठाणे): ते काम स्थानिक उद्योजकाला देतात आणि महिन्याच्या बिलात त्याचा वाटा असतो. गावातलाच एखादा पोरगा हे करू शकेल. नव्या योजनेत पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरं जोडायचं लक्ष्य आहे. पण गावातून मागणीच गेली नाही, तर आपली वाडी कुणाच्या डोळ्यासमोर येणार? वहिनी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायलाच लावा.

काकू (गाव): भावोजी, मी बोलीन. पण अर्ज लेखी हवा, नुसत्या बोलण्याची नोंद होत नाही. बचत गटाच्या बायकांच्या सह्या मी घेते.

ताई (नाशिक): अर्जात शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आधी घाला. आपलं घर त्यानंतर.

दादा (पुणे): बरोबर. मसुदा आज रात्री टाकतो. काकू, केबल तुटली त्या जागेचा फोटो पाठव, मागे मैलाचा दगड दिसेल असा.