कमिशनची सूचना प्रत्येक मेसेजमध्येच हवी

टेलिग्राम चॅनेलवर खरेदीच्या लिंक टाकून, त्यावरून खरेदी झाली की कमिशन मिळवणारे बरेच आहेत. चॅनेलच्या माहितीत एकदा ‘लिंकवर कमिशन मिळतं’ लिहिलं की झालं, असं त्यांच्यापैकी काही जण म्हणतात. माझ्या मते तेवढं पुरत नाही. मेसेज पुढे फॉरवर्ड होतो तेव्हा चॅनेलची माहिती मागेच राहते. कुणाच्या तरी मावशीला फॅमिली ग्रुपवर फक्त लिंक दिसते आणि तो घरच्या माणसाचा सल्ला वाटतो. म्हणून लिंकच्या वरच, साध्या मराठीत लिहा: ‘जाहिरात. या लिंकवरून खरेदी झाल्यास मला कमिशन मिळतं.’ ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेतही हेच आहे: सूचना ठळक हवी, हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेली नको आणि जाहिरातीच्याच भाषेत हवी. मराठी मेसेजखाली इंग्रजी हॅशटॅग टाकून भागत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.

अ‍ॅमेझॉनच्या लिंक टाकत असाल तर त्यांचे नियम वेगळे वाचा. मेसेजमध्ये वस्तूची किंमत हाताने टाइप करू नका. ती तासाभरातही बदलू शकते, तुमचा मेसेज मात्र फिरत राहतो. आणि न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये ओढू नका, प्लीज.