जुनी ईप्रॉम घरी पुसायची कशी? उन्हात ठेवून झालं, ढिम्म

परळचा_पोटमाळा:
नमस्कार मंडळी, बाबांचा डिप्लोमाच्या वेळचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकायचा ट्रेनर किट माळ्यावरून काढलाय, आणि चक्क चालतोय! त्यासाठी चोर बाजारातून दहा ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवायच्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा) उचलल्या, काही २७३२, काही २७६४, दोन २७सी२५६, सगळ्यांवर काचेची खिडकी आणि त्यावर कळकट स्टिकर. आतलं जुनं पुसून स्वतःचा प्रोग्रॅम टाकायचाय. उन्हात पुसतात ऐकलं म्हणून आठ दिवस स्लायडिंग खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवल्या, मग बहिणीचा जेल नेलपॉलिश सुकवायचा यूव्ही दिवा तासभर लावला, एक बिट हलला नाही. घर चाळीतलं, एकच खोली, भाची पाच वर्षांची, म्हणून आधीच विचारतोय. चिपवर लिहायचा प्रोग्रॅमर साधा यूएसबीवाला आहे.

रिटायर्ड_सर्व्हिसवाला:
अरे बाळा, दोन्ही ठिकाणी प्रकाशच चुकीचा. ईप्रॉमला सुमारे २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी (अतिनील प्रकाश) लागतो, तेव्हा कुठे फ्लोटिंग गेटमध्ये (चिपमधला बिट साठवणारा कप्पा) अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. नेलपॉलिशचा दिवा ३६५ ते ४०५ च्या आसपासचा, तो कामाचा नाही. आणि खिडकीची साधी काच हा यूव्ही अडवते, चिपवरची खिडकी क्वार्ट्झची असते ती उगाच नाही. थेट कडक उन्हातसुद्धा आठवडाभर लागतो असं डेटाशीट सांगते, मुंबईच्या ढगाळ हवेत तर विसरच.

पाण्याच्या प्युरिफायरमध्ये जी यूव्ही ट्यूब असते ना, ८ किंवा ११ वॉटची, तीच घे, चोकसकट, लॅमिंग्टन रोडला नाहीतर कुठल्याही फिल्टरच्या स्पेअरवाल्याकडे. फक्त निळा उजेड देणारी शोभेची ट्यूब गळ्यात मारून घेऊ नकोस. आता डब्याचं नीट ऐक, कारण घरात पोर आहे. प्लायवूडचा पूर्ण बंद डबा कर, झाकणाला मायक्रोस्विच लाव म्हणजे झाकण उघडलं की ट्यूब बंद, आणि दिवे मालवून बघ, कुठल्या फटीतून उजेड दिसता कामा नये. पत्र्याचा डबा वापरलास तर अर्थिंग दे, आत २३० व्होल्ट आहेत. ट्यूब फुटली तर पारा असतो, खिडक्या उघड, भाचीला बाहेर ने, काचा हाताने गोळा करू नकोस.

स्टिकर काढून खिडकी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, डिंकाचा पातळ थर राहिला तरी खालचे बिट तसेच राहतात. चिप ट्यूबपासून इंचभर. कारखान्यातल्या इरेजरला १५-२० मिनिटं लागतात, तुझ्या ट्यूबला किती ते तूच काढ, दर दहा मिनिटांनी प्रोग्रॅमरवर ब्लँक चेक कर, म्हणजे चिप कोरी झाली का बघ, सगळीकडे एफएफ (कोऱ्या बाइटची खूण) दिसलं की लगेच थांबू नकोस, जेवढा वेळ गेला तेवढाच अजून दे, काठावर पुसलेली चिप नंतर दगा देते.
आणि पुसायच्या आधी प्रत्येक चिप दोनदा वाचून फाईल सेव्ह कर. जुन्या मशीनचा प्रोग्रॅम परत कुठे मिळत नाही.

सोल्डरची_वाफ:
काकांशी सहमत. मी एकदा 'दोनच मिनिटं' म्हणून उघड्या ट्यूबसमोर चिपा सरकवत बसलो होतो, तेव्हा काही कळलं नाही, रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, दोन दिवस पडदे ओढून बसलो. ती ट्यूब दिसते मिणमिणती म्हणून फसतो माणूस.

परळचा_पोटमाळा:
झालं! दिवाळीच्या फटाक्यांची लाकडी पेटी होती तिचाच डबा केला, मायक्रोस्विचसकट. ४० मिनिटांत सगळ्या ब्लँक. २७सी२५६ पहिल्या फटक्यात प्रोग्रॅम झाल्या, पण २७३२ आणि साध्या २७६४ पहिल्याच बाइटला व्हेरिफाय फेल, म्हणजे लिहिलेलं परत वाचलं तर जुळत नाही. चिपा मेल्या का?

नाना_नॅनोसेकंद:
मेल्या नाहीत भावा, व्होल्टेज कमी पडतंय. २७सी२५६ ला साधारण १२.५ ते १३ व्होल्ट पुरतात, पण साधी २७३२ मागते २५, २७३२ए मागते २१ आणि जुनी २७६४ पण २१. नावापुढचा तो एवढासा 'ए' फार महत्त्वाचा, २७६४ए ला १२.५ चालतात, तिला २१ दिलेस तर तिचा निकाल लागेल. स्वस्तातले बरेच प्रोग्रॅमर १८ च्या वर जातच नाहीत. बूस्टर मॉड्यूल लावून व्हीपीपी (लिहितानाचं व्होल्टेज) बाहेरून देता येतं पण २७३२ मध्ये व्हीपीपी आणि आउटपुट इनेबल (वाचताना डेटा बाहेर सोडणारा सिग्नल) एकाच पिनवर आहेत, तिथे गफलत होते, शिकाऊ माणसाने त्यात पडू नये.
सारखं पुसून लिहायचं असेल तर डब्ल्यू२७सी५१२ घे, विजेवरच पुसली जाते, ट्यूबची भानगडच नाही. प्रोग्रॅम पक्का झाला की मग ईप्रॉम. आणि हो, लिहून झाल्यावर खिडकीवर काळी टेप लाव.

परळचा_पोटमाळा:
धन्यवाद नाना, मोठा प्रोग्रॅमर मित्राकडून मागवतोय. काका, तुमचं ऐकून आधी वाचल्या ते बरं झालं. एका २७६४ च्या फाईलमध्ये मधेच इंग्रजी अक्षरांत 'आज रोख उद्या उधार' सापडलं, बहुतेक कुठल्या तरी दुकानाच्या सरकत्या पाटीतली असावी. ती फाईल बाबांना दाखवली तर तासभर हसत होते, आता म्हणतात आपल्या किटवर हीच पाटी चालव.