छातीतली धडधड आणि ‘एएफ’ (हृदयाचे अनियमित ठोके) : तुमच्या घरातले अनुभव लिहा

वाघ्या_घेवडा
सकाळी पोवई नाक्याजवळच्या दवाखान्यात सासूबाईंना घेऊन गेले होते. शेजारी बसलेल्या आजी सुनेला म्हणाल्या, “छातीत पाखरू फडफडतंय गं.” आमची आक्का अगदी असंच म्हणायची. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये.

आक्का म्हणजे माझी आजी, कोरेगावच्या बाजूची. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता, तो तेवढ्यावरच विसरला गेला. चाळिशीनंतर चढावर दम लागायला लागला, मग ही फडफड. गॅस झालाय म्हणून ओवा खायची. एका सकाळी हातातला कप सुटला, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. गावात म्हणाले, वारं गेलं. साताऱ्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की मूळ दुखणं हृदयात आहे. लहानपणच्या त्या तापानं मायट्रल झडप (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) आकसलेली, त्यामुळे डावा वरचा कप्पा ताणून मोठा झालेला. तो नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत होता. तिथं रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफ, हे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आक्का पुढे बरीच वर्षं होती. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. पण ती धडधड कुणीतरी आधी मनावर घ्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं. तुमच्याकडे कुणाला आहे का? कसं कळलं, काय उपचार चालू आहेत?

कृष्णाकाठ
आमच्या बाबांना काहीच त्रास नव्हता. सांगलीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, त्यात सापडलं. मोतीबिंदू राहिला बाजूला. कार्डिओलॉजिस्टनी लकव्याच्या धोक्याचे गुण मांडून दाखवले. वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ पासून पुढे २, बीपी १, शुगर १, आधी लकवा होऊन गेला असेल तर २. बाबा ७४ चे, बीपी आणि शुगर दोन्ही, म्हणजे ३. रक्त पातळ करायची गोळी कायमची. अपिक्साबॅन, सकाळ-संध्याकाळ. “मला काही होत नाही तर गोळी कशाला” हे रोज ऐकतो. त्रास नसला तरी गुठळी व्हायची राहत नाही, हे त्यांना पटवणं हेच मोठं काम.

मिरजेची_माई
वाघ्या, डाव्या हाताच्या भाकरीला डोळे भरून आले गं.
माझ्या धाकट्या बहिणीचंही झडपेचंच. मिरजेत फुग्यानं उघडली, मांडीतल्या शिरेतून नळी घालून. ठोका अजून अनियमितच आहे म्हणून ॲसिट्रॉम, रक्त पातळ करायची जुनी गोळी, चालू. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, त्यासाठी रक्त तपासत राहायचं. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या चालतील का विचारलं, तपासाची कटकट नाही म्हणून. डॉक्टर ठाम, झडप अशी आकसलेली असेल तर जुनीच गोळी.

हळदवाली
माई, मेथी पालक बंद का मग?? सासऱ्यांना पण हीच गोळी आहे आणि आमच्याकडे पालेभाजीशिवाय ताट होत नाही

मिरजेची_माई
बंद नाही गं. रोज साधारण तेवढीच खायची. श्रावणात ढीगभर आणि मग महिनाभर अजिबात नाही, असं केलं की आयएनआर खालीवर होतो.

यवतेश्वर_रनर
दाजींना ४६ व्या वर्षी. झडप उत्तम, बीपी थोडं. लग्नातलं जागरण आणि पिणं, दुसऱ्या दिवशी ठोके १५० च्या वर. ते थांबेचनात. दोन दिवस उलटून गेलेले, म्हणून अन्ननलिकेतून नळी घालून आधी बघितलं की आत गुठळी नाही ना, मग भूल देऊन शॉक. ठेका जागेवर आला. काही महिन्यांनी परत. शेवटी पुण्यात ॲब्लेशन केलं, म्हणजे नळी घालून हृदयातली ठेका बिघडवणारी जागा निकामी केली. झोपेची तपासणी केली तर घोरताना श्वास अडकतोय असं निघालं, त्याचं मशीन लावलं. आता ताईचीही झोप होते 😀

तासगावकर
आत्याचं थायरॉईडमुळे. वजन उतरलेलं, हात कापायचे, सगळ्यांना वाटलं द्राक्षाच्या हंगामातली दगदग. थायरॉईड आटोक्यात आल्यावर ठोका आपोआप सुधारला. यंदा बागेचं मात्र काही खरं नाही, अवकाळीनं घड गेले.

कृष्णाकाठ
@तासगावकर आमच्या मामांची पण तीच गत. छाटणी कधी घेतलीत?

भडंगप्रेमी
मुलानं घड्याळ दिलंय, आयर्विन पुलाकडं चालायला जातो तेव्हा कधीकधी ‘अनियमित ठोके’ दाखवतं. धरायचं का मनावर?

विट्याचा_डॉक्टर
ओपीडीत आहे, घाईत लिहितोय. भडंगप्रेमी, घड्याळ फक्त इशारा देतं, ईसीजी काढून घ्या. घड्याळ नसेल तर मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. ठेका कसाही पडत असेल तर दाखवा. एएफमध्ये लकव्याचा धोका साधारण ५ पट असतो. नुसती ॲस्पिरिन त्याला पुरत नाही. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या ठोक्यांचा वेग आवरतात, गुठळी टाळत नाहीत, तेव्हा एक घेतली म्हणून दुसरी सोडू नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली की लगेच मोठ्या रुग्णालयात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे तिथे पहिल्यांदा सांगा. आणि लहान मुलाला सांधे सुजून ताप आला तर कृपा करून अंगावर काढू नका. झडपेवर गेलं असेल तर दर २१ दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू नका.

माणदेशी_आबा
गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पण लिहा डॉक्टर. आमच्या थोरल्या भावाला रक्त पातळची गोळी चालू, त्यात औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिली कुणीतरी. काळी शौच, पाच पॉइंटवर हिमोग्लोबिन. रक्त चढवायला लागलं.

वाघ्या_घेवडा
बाप रे. आता कसे आहेत आबा?

माणदेशी_आबा
बरे आहेत. मेंढरामागं जातात परत.

हळदवाली
माई, मी मंगळवारी मिरजेत आहे, सासऱ्यांचा आयएनआर. बहिणीच्या डॉक्टरांचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा ना

मिरजेची_माई
केला. जेवायलाच ये.

कृष्णाकाठ
डॉक्टर, बाबा सकाळची गोळी विसरले तर संध्याकाळी दोन द्यायच्या का?

विट्याचा_डॉक्टर
नाही. त्याच दिवशी आठवेल तेव्हा एक द्या, पुढची नेहमीच्या वेळी. दोन एकदम कधीच नाही.